‘बच्चा’ हा शब्द आपल्याकडे कुठून आला?

ठाकूरद्वार | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, एका शब्दावरून दोन दिवस मला चैन नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माझी लेक अडीच वर्षांची आहे. मी तिला ‘बच्चा’ म्हणते. ‘बच्चा, दूध पी’, ‘बच्चा झोपलं का?’, दिवसभर हेच चालू असतं. कधीपासून म्हणायला लागले ते आठवत नाही. लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणी फोनवर आपापल्या पोरांना बच्चाच म्हणतात, तिथूनच जिभेवर बसला असणार.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गिरगावातल्या एका छापखान्यात छत्तीस वर्षं कंपोझिटर होते. हातानं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. आता वय शहाऐंशी. डोळ्यांना कमी दिसतं, पण शब्द कानावर पडला की त्यातली अक्षरं त्यांना अजून सुटी सुटी दिसतात. शनिवारी रात्री जेवताना ते म्हणाले, “सूनबाई, बाळ आहे, तान्हं आहे, मूल आहे, पोर आहे, लेकरू आहे, छकुली आहे, सोनुली आहे. एवढा दाणागोटा घरात असताना शेजारून वाटीभर उसनं कशाला आणायचं?” एवढंच बोलले आणि ताक प्यायला लागले. रागावले असते तर मीही काहीतरी बोलून मोकळी झाले असते. पण ते रागावले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं.

तर हा शब्द हिंदी, उर्दू की आणखी कुठला? ‘वाघाचा बच्चा’ तर आपण लहानपणापासून ऐकतोय, मग तो उसना कसा? अण्णांना उत्तर द्यायचंय आणि ते खरं असायला हवं. आयुष्यभर एकेक अक्षर हातात धरलेल्या माणसाला अंदाजपंचे काही सांगायची माझी तयारी नाही.

परळकर | सोमवार, रात्री ११.०५

तुमच्या सासऱ्यांशी शंभर टक्के सहमत. हिंदी शब्द आहे, मालिकांमधून आणि सिनेमातून आला. आमच्या चाळीत आता एकही आई पोराला ‘बाळा’ अशी हाक मारत नाही. मला याचा खरोखर त्रास होतो.

शब्दवेडी | सोमवार, रात्री ११.२०

परळकर, तसं नाहीये हो. ‘बच्चा’ संस्कृतच आहे. वत्स, वच्छ, बच्चा. ऋषी शिष्याला ‘वत्सा’ म्हणायचे तेच हे. ठाकूरद्वार, अण्णांना खुशाल सांगा, की शब्द आपलाच आहे, उसना नाही.

भायखळा_लोकल | मंगळवार, सकाळी ८.१५

शब्दवेडी +१. हे माहीतच नव्हतं. धागा वाचतोय.

अनुस्वार | मंगळवार, दुपारी २.३०

शब्दवेडी, तुमची दिशा बरोबर आहे, मधला रस्ता चुकलाय. आणि रस्ता चुकला की अण्णांना द्यायचं उत्तरही चुकेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी पंचवीस वर्षं महाविद्यालयात मराठी शिकवली आणि शब्दांच्या कुळकथा हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

‘वत्स’चं प्राकृतात ‘वच्छ’ झालं, इथवर ठीक. आता या ‘च्छ’चं मराठीच्या तोंडात पुढे काय होतं ते बघा. मत्स्य, मच्छ, मासा. इक्षु, उच्छु, ऊस. मक्षिका, मच्छिआ, माशी. ‘पृच्छति’चं ‘पुच्छइ’ आणि त्याचं आपलं ‘पुसणे’. गावाकडे अजून ‘वाट पुसत आलो’ म्हणतात. म्हणजे मराठी ‘च्छ’चा स करते, आणि पुढे इ-ई असेल तर श. सुरुवातीचा व मात्र ती सांभाळून ठेवते. मग ‘वच्छ’चं मराठीत काय व्हायला हवं? ‘वास’ असं काहीतरी. तसंच झालंय, तो शब्द म्हणजे वासरू. ‘वत्स’चा आपल्या घरात जन्मलेला, आपल्याच अंगणात वाढलेला वारस वासरू आहे, बच्चा नाही.

हिंदीचं वळण निराळं आहे. तिकडे व चा ब होतो आणि छ टिकतो. आपला मासा तिकडे मछली, आपलं पुसणे तिकडे पूछना, आपलं वासरू तिकडे बछड़ा किंवा बाछा. सगळीकडे छ आहे बघा. छ म्हणजे च आणि त्याच्यामागे श्वासाचा एक झोत. ‘बच्चा’त तो झोत नाही, नुसता च्च आहे. शब्द हिंदीच्याच घरात जन्मला असता तर झोत असा नाहीसा व्हायचं कारण नव्हतं.

दुसरी खूण थोडी कमी पक्की आहे, तरी सांगतो. प्राकृतातलं जोडाक्षर मराठी-हिंदीत येताना सुटं होतं आणि आधीचा स्वर लांबतो. कम्मचं काम, सत्तचं सात, हत्थचं हिंदीत हाथ आणि आपल्याकडे हात. ‘बच्चा’ तसाच आखूड स्वर आणि जोडाक्षर घेऊन उभा आहे.

या दोन्ही खुणा एकत्र धरल्या तर शब्द हिंदीतसुद्धा बाहेरून आलाय असं दिसतं. तो आलाय फारसीतून. परळकर, म्हणजे हिंदीवर राग काढून उपयोग नाही, तिनंही तो उसनाच घेतलाय. आणि मराठीचा फारसीशी संबंध हिंदी सिनेमाच्या कितीतरी आधीचा आहे. बहमनी सत्ता १३४७ साली उभी राहिली, तेव्हापासून दरबारात, चावडीवर, बाजारात फारसी शब्द आपल्या तोंडात बसत गेले. पडदा, खजिना, दर्जा, नमुना हे सगळे त्याच वाटेनं आले. त्यांची शेपटी बघा. फारसीत शब्दाच्या शेवटी जो हलका ए किंवा अ असतो, त्याचा मराठीनं ठसठशीत आ केला आणि सगळ्यांना पुल्लिंगात बसवलं. तो पडदा, तो खजिना, तो बच्चा. पडद्याला, खजिन्याला, बच्च्याला. विभक्ती लागली की शब्द घरचं जेवू लागला असं मी वर्गात सांगायचो.

धोबीतलाव | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

अनुस्वारसाहेब, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. मी पारशी आहे, मुंबईत जन्मलो, मराठी चाळकऱ्यांबरोबर क्रिकेट खेळत वाढलो. शाळेत दुसरी भाषा फारसी घेतली होती, निवृत्तीनंतर हौसेनं पहलवी शिकलो. ही सासानी बादशहांच्या काळची, आजच्या फारसीच्या आधीची भाषा. आमचे धर्मग्रंथ समजून घ्यायचे तर ती लागते.

पहलवीत हा शब्द वच्चग असा आहे. अर्थ मूल, आणि प्राण्याचं पिल्लूसुद्धा. म्हणजे व तिकडेही होता! नव्या फारसीत सुरुवातीच्या व चा ब झाला. पहलवी ‘वाजार’चा बाजार झाला, ‘वहार’चा बहार. वाऱ्याला पहलवीत ‘वाद’ म्हणत, फारसीत ‘बाद’ म्हणतात, आणि तुमच्याकडे वात आहेच. तसा ‘वच्चग’चा ‘बच्चे’ झाला. तेहरानकडे शेवट ए सारखा करतात, काबूलकडे अ सारखा.

शेवटचा ग कुठे गेला? तो गळाला, पण पूर्ण नाही. फारसीत जुन्या वळणाचं अनेकवचन ‘बच्चेगान’ असं होतं, त्यात तो ग अजून जिवंत आहे. ‘बच्चेगाने’ म्हणजे पोरकट किंवा पोरांसाठीचं. हिंदीत त्याचं ‘बचकाना’ झालं आणि आजकाल मराठी वर्तमानपत्रांतही ‘बचकाना प्रकार’ असं वाचतो. त्या क मध्ये दीड हजार वर्षांपूर्वीचा ग लपलाय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो शब्द वहीत लिहून कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

फारसीत शब्दाचा पसारा मोठा आहे. मांजराच्या पिल्लाला ‘बच्चे-गोरबे’ म्हणतात. ‘बच्चे-ये-तेहरान’ म्हणजे तेहरानमध्येच जन्मलेला-वाढलेला, आपण ‘मी गिरगावचा’ म्हणतो तसं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एका इराणी हॉटेलवाल्यांचं बिऱ्हाड होतं, यझ्दकडून आलेलं. त्यांच्या आजी संध्याकाळी खिडकीतून ओरडायच्या, “बच्चेहा, बियाइन!” पोरांनो, या. आम्ही मराठी, पारशी, इराणी सगळे धावायचो, कारण नानकटाई मिळायची. अमुकाचा मुलगा असंही या शब्दानं सांगतात. १९२९ मध्ये काबूलची गादी बळकावून नऊ महिने राज्य केलेला हबीबुल्ला कलकानी ‘बच्चा-ए-सक्का’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे पखालवाल्याचा पोरगा. तुमचा ‘वाघाचा बच्चा’ याच घडणीचा आहे.

शब्दवेडी | मंगळवार, रात्री ९.१०

दोघांचेही मनापासून आभार. चूक कबूल. पण एक शंका राहतेच. ‘वच्चग’ आणि ‘वत्स’ इतके जवळ दिसतात, मग फारसीनं तो संस्कृतातूनच घेतला असेल ना? म्हणजे फिरून का होईना, आपलाच.

अनुस्वार | मंगळवार, रात्री १०.००

नाही, आणि या धाग्यात मला सगळ्यांत आग्रहानं सांगायचं असेल तर ते हेच.

वत्स आणि वच्चग चुलत भावंडं आहेत. संस्कृत आणि जुनी इराणी भाषा या दोघी बहिणी, आणि दोघींची आई त्यांच्याही आधीची. तिच्या घरात वर्ष या अर्थाचा एक धातू होता. त्याच्यापासून आपल्याकडे ‘वत्सर’ म्हणजे वर्ष आलं. गुढीपाडव्याला पंचांगात ज्याचं नाव वाचतो तो ‘संवत्सर’ त्यातलाच. ‘वत्स’चा मूळ अर्थ वर्षाचं झालेलं, म्हणजे गाईचं वर्षभराचं पोर. मग कोणतंही लाडकं पोर. ‘वत्सल’ म्हणजे वासरासाठी जिचा जीव तुटतो तशी गाय, आणि तिच्यावरून ‘वात्सल्य’. लॅटिनमध्ये वासराला ‘विटुलुस’ म्हणत, इंग्रजीत वासराच्या मांसाला ‘व्हील’ म्हणतात ते तिथूनच फ्रेंचमार्गे आलं. म्हणजे युरोपातली एक शाखाही त्याच वर्षभराच्या वासरापाशी पोचते.

एखादा शब्द आवडला की तो संस्कृतातून निघाल्याचं दाखवल्याशिवाय आपल्याला स्वस्थता येत नाही. का? उसना घेतलेला शब्द उसना आहे असं सांगून तो प्रेमानं वापरता येत नाही का? दत्तक घेतलेल्या मुलाला आपण जीव लावतो, पण त्याच्या जन्मदात्यांचं नाव पुसून टाकत नाही. ‘बच्चा’ला खोटं गोत्र चिकटवणं हा त्याच्या फारसी घरावरही अन्याय आहे आणि आपल्या वासरावरही. खरा वारस गोठ्यात उभा असताना आपण दुसऱ्यालाच तो मान द्यायला निघालो होतो.

सिंधुदुर्गकर | मंगळवार, रात्री ११.३०

गोठा म्हटल्यावर लिहायलाच हवं. राहतो भांडुपला, गाव कुडाळ तालुक्यात. आमच्या मालवणीत मुलगा म्हणजे झील, मुलगी म्हणजे चेडू, आणि गाईच्या पोरांना पाडो नि पाडी. वसुबारसेला, आश्विन वद्य द्वादशीला, आजी पाडीसकट गाईची पूजा करायची. त्या दिवसाचं पंचांगातलं नाव गोवत्सद्वादशी. अनुस्वार, तुमचा वत्स त्या नावात उभाच आहे की!

एक विचारायचं होतं. वासरू, लेकरू, कोकरू, पाखरू, मेंढरू या सगळ्यांच्या शेवटी ‘रू’ कसा?

अनुस्वार | बुधवार, सकाळी ७.४५

फार सुंदर प्रश्न. तो ‘रू’ म्हणजे संस्कृत ‘रूप’. वत्सरूपचं वासरू, पक्षिरूपचं पाखरू, गोरूपचं गुरू, ज्याचं अनेकवचन गुरं. लहान, गोजिरवाणं असा भाव त्या शेपटीत आला आणि मग कोकरू, शिंगरू, लेकरू ही माळ तयार झाली. सगळी नपुंसकलिंगी. मराठी लेकराला आणि वासराला एकाच शेपटीनं, एकाच लिंगात हाक मारते.

ठाकूरद्वार, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये ‘बच्चा झोपलं का’ असं लिहिलंय. ‘झोपला’ नाही, ‘झोपली’ नाही, ‘झोपलं’. मराठीनं फारसीच्या शब्दाला आधी पुल्लिंगात बसवलं होतं, तुम्ही त्याला तिथून उठवून बाळ, मूल, लेकरू, पोर यांच्या पंगतीत नेऊन बसवलंत. व्याकरण शिकवण्यात आयुष्य गेलं, पण असं डोळ्यांदेखत घडताना क्वचित दिसलं.

माटुंगा_पूर्व | बुधवार, सकाळी ११.२०

माझी आई तमिळ, बाबा साताऱ्याचे, घर माटुंग्याला. उसन्या शब्दांची गोष्ट निघालीय तर ‘पिल्लू’ विसरू नका. तो दक्षिणेकडचा, द्रविड भाषांतला मानला जातो. तमिळमध्ये मूल म्हणजे ‘पिळ्ळै’. तेलुगूत ‘पिल्ल’, अनेकवचन ‘पिल्ललु’. माझी पाटी (आजी) नारळाच्या रोपालाही ‘तेन्नम्पिळ्ळै’ म्हणायची, नारळाचं बाळ. पोपट ‘किळिप्पिळ्ळै’. तोल्काप्पियम् या प्राचीन तमिळ व्याकरणात कोणत्या प्राण्याच्या आणि झाडाच्या लहानग्याला काय म्हणावं याची यादीच आहे. त्यात पिळ्ळै आहे, कुट्टी आहे, आणखीही आहेत.

आणि गणपतीला तमिळमध्ये ‘पिळ्ळैयार’ म्हणतात. आदरार्थी ‘आर’ लावलेलं पिल्लू. भाद्रपदात आमच्या इमारतीत एका मजल्यावर ‘गणपती बाप्पा’ आणि दुसऱ्यावर ‘पिळ्ळैयार’ असं एकदम ऐकू येतं. एकीकडे देव बाप होतो, दुसरीकडे मूल. ठाकूरद्वार, अण्णांनी घरचे म्हणून मोजलेल्या शब्दांत पिल्लू नव्हतं, पण ते म्हणाले असते तर कुणालाही ते परकं वाटलं नसतं.

भायखळा_लोकल | बुधवार, दुपारी १.१०

राणीच्या बागेत वाघीण व्याली की बातमीत ‘बछडे’ छापतात आणि पेंग्विनला झालं की ‘पिल्लू’. आता कळलं, की बछडा हिंदीकडून आलेला वासराचा भाऊ आणि पिल्लू दक्षिणेचं.

मग ‘बाबागाडी’तला बाबा कोण? बाबा म्हणजे तर वडील.

शब्दवेडी | बुधवार, दुपारी ३.००

हे मी नीट शोधून लिहितेय, परवासारखी घाई नाही. बाबा हा तुर्की-फारसीकडचा शब्द, मूळ अर्थ बाप. ब्रिटिश काळात साहेबांच्या बंगल्यांवर नोकरमाणसं आणि आया मुलांनाच ‘बाबा’ म्हणत, सगळी मुलं मिळून ‘बाबालोग’, मुलगी असेल तर ‘मिसीबाबा’. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात याची नोंद आहे, आणि इंग्रजी ‘बेबी’चा या वापरावर परिणाम झाला असावा असं ते म्हणतात. बाबाला बसवून फिरवायची ती बाबागाडी. बाप लेकराला लाडानं ‘बाबा’ म्हणतो तसं आपल्याकडेही आहेच, ‘अरे बाबा, जेव ना’.

परळकर | बुधवार, रात्री ९.४०

तीन दिवस वाचतोय. पहिल्या दिवशी मी घाईनं बोललो. शब्द हिंदी नाही हे पटलं, आणि ‘बच्चा’ मराठीत जुना आहे हेही पटलं. आमच्या परळ-लालबागमध्ये तो काय काय कामं करायचा ते आता एकेक आठवतंय. ‘मराठ्याचा बच्चा’ म्हटलं की छाती फुगायची. ‘तू अजून बच्चा आहेस’ म्हटलं की समोरचा लहान व्हायचा. ‘थांब बच्चमजी, बघतो तुला’ ही धमकी. पुढाऱ्याच्या मागे फिरणारा तो ‘बगलबच्चा’, आणि त्यातली बगलसुद्धा फारसीच. पण यातला एकही बच्चा मांडीवरचा नव्हता. मांडीवर बाळ होतं, लेकरू होतं. मायेची हाक म्हणून ‘माझा बच्चा’ मी अलीकडेच ऐकायला लागलो. म्हणजे शब्द जुना, पण घरातली ही जागा नवी. अण्णांना टोचलं ते हेच असेल. रस्त्यावरच्या शब्दानं पाळण्यापर्यंत यावं आणि पाळण्यातला शब्द बाहेर पडावा, हे टोचणारच.

माझी आई गिरणीत होती. पाळीला जाताना मला गिरणीच्या पाळणाघरात ठेवायची आणि ‘येते रं लेकरा’ म्हणायची. माझ्या नातवाला लेकरू शब्द कळत नाही. विचारतो, ‘आजोबा, म्हणजे काय?’ अनुस्वार, उसनं घेण्याला माझी ना नाही. पण उसनं घेताना घरचं कणगीत किडतंय, ते कोण बघणार?

माधव ज्यूलियन यांच्याविषयी वाचलं होतं. फारसी शिकवणारा माणूस, १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश आला, आणि १९३८ मध्ये भाषाशुद्धीच्या बाजूनं त्यांनीच पुस्तक लिहिलं. लोकांना ते उलटसुलट वाटलं. मला नाही वाटत. फारसीवर जीव होता म्हणूनच तिचं किती आपल्यात आलंय ते त्यांना बरोबर दिसत होतं.

अनुस्वार | बुधवार, रात्री १०.३०

परळकर, मला याचं उत्तर देता येत नाही. जागेबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, माझं लक्ष शब्दाच्या जन्मगावावरच होतं. एक करता येईल. नातवाला वासरू दाखवा आणि सांगा, हे वासरू, तसं तू लेकरू.

ठाकूरद्वार | रविवार, रात्री ९.१५

उशिरा लिहितेय, पण रोज रात्री जेवणानंतर अण्णांना एकेक पोस्ट वाचून दाखवत होते. धोबीतलावांची पोस्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. ‘वच्चग’ शब्द बोटानं ताटाच्या कडेवर लिहून बघितला.

आज सकाळी लेकीला घेऊन भुलेश्वरच्या पांजरापोळात गेले होते. घरापासून चालत पंधरा मिनिटं, पण इतकी वर्षं कधी आत गेले नव्हते. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांनी भटक्या जनावरांसाठी उभा केलेला, आजही गाईवासरांनी भरलेला. लेक एका तांबड्या वासरापाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, “आई, बच्चा!” आठवड्यापूर्वी मी तिला ‘बच्चा नाही गं, वासरू’ असं दुरुस्त केलं असतं. आज म्हटलं, “हो, बच्चा. वासरू.” तिनं दोन्ही शब्द म्हणून बघितले. घास विकणाऱ्या मावशींनी विचारलं, केवढी आहे, म्हटलं अडीच वर्षांची. त्या म्हणाल्या, “ते वासरू वर्साचं हाय.” वर्साचं! मला तिथेच अनुस्वारांना फोन करावासा वाटला.

घरी येऊन अण्णांना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि ती इथे लिहायला सांगितलीय, म्हणून जशी सांगितली तशी लिहिते.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. छापखान्यात एका मास्तरांचं कथांचं हस्तलिखित आलं होतं. मास्तर खानदेशातले, पार सातपुड्याकडचे. एका कथेत गाय हरवते आणि तिचा ‘बच्छा’ रात्रभर हंबरतो. मजकुरात सगळीकडे ‘बच्छा’ लिहिलेलं. अण्णांनी जुळवताना अर्ध्या च पुढे छ चा खिळा उचलला, आणि मग वाटलं, मास्तरांची खेड्यातली सवय, शुद्धलेखन चुकलंय. छ परत खणात टाकला आणि च लावला. अकरा ठिकाणी. मुद्रितं तपासणाऱ्यांनाही ते बरोबर वाटलं. पुस्तक छापून झालं. मास्तर प्रत न्यायला आले, उघडून तिथेच वाचू लागले, आणि काही न बोलता पिशवीत घालून गेले. अण्णांना वाटलं होतं, समाधान झालं म्हणून बोलले नाहीत.

“अनुस्वारांना विचार,” अण्णा म्हणाले, “तिकडे सीमेवर हिंदीच्या शेजारानं बच्छा म्हणत असतील ना वासराला? छ सकट?”

मी म्हटलं, विचारते. पण त्यांना उत्तर कळलेलं दिसत होतं. उजव्या हाताचं बोट आणि अंगठा जुळवून, खिळा धरतात तसं, ते चाचपत राहिले. मग म्हणाले, “लिही. मास्तरांचा शब्द बरोबर होता. खिळा मी बदलला.”

लेक मांडीवर येऊन बसली. ते अजून तिला बाळच म्हणतात.

अनुस्वार | रविवार, रात्री ९.५०

अण्णांना माझा नमस्कार सांगा. हो, बच्छा म्हणजे वासरू. छ सकट.